दोन बंडांमधले वय

कॉलेजात आम्हांला इतिहासाचे सन पाठ करावे लागत. मुंबईच्या खोलीत आम्ही काही विद्यार्थी एकत्र राहत होतो. सकाळी प्रत्येकजण आपापल्या भिंतीकडे तोंड करून घोकत बसे. प्लासीची लढाई, पेशवाईची अखेर, बंडाचे सत्तावन, राणीच्या जाहीरनाम्याचे अठ्ठावन. बाकी विषयांत माझी गती बेताची होती. वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की जीभ जड होई, कारण माझ्या आधी आमच्या घरात कोणी अक्षर गिरवलेले नव्हते. सन मात्र मला पाठ होत. आकड्याला उच्चार लागत नाही, म्हणून असेल कदाचित.

कळव्याला घरी सन नव्हता. घरी साल होते, आणि प्रत्येक सालाला त्याचे नाव होते. पटकीचे साल, खाडीचा बांध फुटला ते साल, गाडीचे साल, राणीला बादशहा केल्याची दवंडी पिटली ते साल. माझा जन्म कापसाच्या सालातला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या गावातले लोक गोदीत गासड्या उचलायला गेले, तेव्हाचा. शाळेत घालताना मास्तरांनी त्यावरून हिशेब करून माझा सन लिहिला. तो बरोबर असावा. मी कधी त्याच्याबद्दल विचार केला नाही.

बा मिठाच्या नाक्यावर शिपाई होता. त्याआधी तो मिठागरातच राबत असे. आम्ही आगरी, मीठ पिकवणे हाच आमचा धंदा. पुढे कधीतरी त्याला नाक्याचा पट्टा मिळाला आणि तो मीठ काढायच्या ऐवजी मीठ राखू लागला. जकात भरल्याशिवाय मिठाची पाटी बाहेर जाऊ नये म्हणून बांधाबांधाने फिरायचे, एवढेच काम. पण पाय त्याच खाऱ्या चिखलात. टाचांना पडलेल्या भेगांत मीठ शिरून शिरून त्या कधी भरूनच येत नसत. थंडीत तो आंघोळीआधी पाय धुवायचा आणि मग बराच वेळ नुसता बसून राहायचा. आई तेल गरम करून आणी. तो म्हणे, “ठेव. आता नको.” आणि ते तेल तसेच थिजून जाई.

पंचावन्न वर्षे भरली की शिपायाला पेन्शन घेऊन घरी बसता येते, हे त्याला नाक्यावरच्या दुसऱ्या कोणी सांगितले होते. नाताळच्या सुटीला मी घरी आलो तेव्हा तो दारातच बसला होता. मी बोचके खाली ठेवायच्या आत म्हणाला, “तू हिसाब कर रे. मी पंचावन्नचा झालो का नाय?”

मी म्हणालो, “बा, तुझा जन्म कुठल्या सालचा?”

“ते मना काय ठाव? बंडाच्या साली माझं लगीन झालं. तवा मिसरूड फुटत व्हतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तरीने खाडी ओलांडून ठाण्याला गेलो. कचेरीत कारकुनाने बाचा जुना कागद काढला. नोकरीला लागताना वयाच्या जागी तेव्हाच्या कारकुनाने लिहिले होते, ‘जवान’. एवढेच. या कारकुनाने तो शब्द दोनदा वाचला आणि बाच्याकडे पाहिले. बाचे केस पांढरे, पुढचे दात गेलेले. कारकून हसला नाही. तसा तो चांगला माणूस होता.

“लग्न कधी झाले?”

“बंडाच्या साली, रावसाहेब.”

“तेव्हा किती वर्षांचा होतास?”

“मिसरूड फुटत व्हतं.”

“म्हणजे सोळा धरू.” त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि माझ्याकडे पाहिले. मी कॉलेजात जातो हे त्याला बाने आधीच सांगून टाकले होते. “बंडाचे सत्तावन, बरोबर ना?”

“हो,” मी म्हणालो. दुसरे काही सुचण्यासारखे नव्हतेच.

त्या वर्षी पंच्याऐंशी सन चालू होता. कारकुनाने चव्वेचाळीस असा आकडा लिहिला, वाळू टाकली आणि कागद वरच्या अंमलदारांकडे पाठवून दिला. “अजून बरीच वर्षे आहेत तुझी,” तो बाला म्हणाला. हे त्याने आनंदाची बातमी सांगावी तसे सांगितले.

परत येताना आम्ही तरीत बसलो. खाडीच्या मध्यावर आल्यावर बाने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. कोणाची तरी वस्तू आपल्याकडे चुकून राहिली असावी तसे.

“चवेचालीस,” तो म्हणाला. “पुस्तकात तसंच असंल तर तसंच असनार.”

“बा, हिशेब तसाच येतो.”

“नाय, मी कुठं काय म्हनतंय? हाडं लबाड असतात मानसाची. कामाला लागू नये म्हनून म्हातारी व्हतात.”

त्याला हे खरेच वाटले होते. आयुष्यभर आपण थकल्याचे सोंग करत होतो की काय, अशा चेहऱ्याने तो घरी आला.

आई मासळी साफ करत होती. बाने पागोटे खुंटीला लावले आणि म्हणाला, “ऐकलंस? मी चवेचालीसचा हाय.”

आई हसली. ती सहसा हसत नसे. “आनि मी? मी पालन्यात असंन.”

“हिसाब करून काडलंय. बंडाच्या सालापासून.”

“कुटलं बंड?”

“सत्तावनचं,” मी म्हणालो. आणि मग मला तिला ते समजावून सांगावेसे वाटले, म्हणून सांगू लागलो. उत्तरेकडे शिपाई उठले, मेरठ, दिल्ली, कानपूर. माझे पाठांतर चांगले होते. आईने कोयतीवरून मान वर केली नाही. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, “ह्ये कुनाच्या गावातलं सांगतंस?”

“आई, सगळ्या देशातले.”

“आमच्या लग्नातलं बंड डोंगरातल्या कोल्यांचं. दुसरं कुटलं असनार? तुझ्या बाचं वऱ्हाड मानपाड्याला येत व्हतं आनि वाटेवर गोऱ्याचे शिपाई बसलेले. डोंगराकडं दारूगोला जातो म्हनून एकेक टोपली उघडून बघत व्हते. हलदीची मडकी फोडली मेल्यांनी. दारू समजून.” ती आता बाच्याकडे पाहून बोलत होती. “धवलारीन लग्नाचा धवला गात व्हती ती काय थांबंना. शिपाई म्हनतो गप, आनि ती आपली गातेच. म्हनाली, धवला मधी सोडला तर नवरा मरतो, मग तू येशील का पाटावर बसायला?”

बा हसू लागला. हसता हसता खोकला. “पिवला झालेला तो शिपाई. हातभर हलद.”

मी विचारले, “मग शिपायांच्या बंडाच्या वेळी तू कुठे होतास?”

“आगरात. काय तरी ऐकलं व्हतं आमी. ठान्याला पलटन आलेली. पन ते आपल्याकडं कुटं झालं?”

डोंगरातले ते बंड कोणत्या सनात झाले, हे माझ्या पुस्तकात नव्हते. ठाण्याला त्यातल्या म्होरक्याला फाशी दिली हे गावात सगळ्यांना माहीत होते, लहानपणी आम्हांला त्याची भीतीही घालत. पण मी ते कधी इतिहासात धरले नव्हते. ती गावातली गोष्ट होती, आणि इतिहास कॉलेजात असतो असे मी समजत होतो.

“पण कचेरीत सन लागेल,” मी म्हणालो. “बंडाचा मला ठाऊक नाही. दुसरे काही आठवते का? गाडी सुरू झाली तेव्हा तू केवढा होतास?” गाडीचा सन मला पाठ होता. ठाण्यापर्यंत त्रेपन्न, खाडीवरून पुढे कल्याणपर्यंत चोपन्न.

“केवढा म्हंजे? पुलाच्या कामाला व्हतो ना मी. दोन मानसांचा दगड एकला उचलायचो.”

मी हिशेब करू लागलो. सत्तावनात सोळा, तर चोपन्नात तेरा. तेरा वर्षांचा पोरगा दोन माणसांचा दगड कसा उचलील? मी हे मोठ्याने बोललो असेन, कारण आई म्हणाली, “तेरा वर्साचा? मग आगगारीच्या साली माझ्या कडंवर काय व्हतं, गाठोडं?”

ती बोलून गेली आणि तिने हातातला मासा खाली ठेवला. बा तिच्याकडे पाहत नव्हता. आई उठून चुलीपाशी गेली. चूल पेटलेलीच होती, तरी ती फुंकत राहिली.

“काय होते कडेवर?” मी विचारले.

“तुझा मोठा भाऊ,” बा म्हणाला.

मला दोन बहिणी आहेत, दोघी माझ्याहून मोठ्या, लग्ने होऊन गेलेल्या. भाऊ होता हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते. बाने सांगितले ते थोडक्यात सांगितले. पूल बांधून झाला, पहिली गाडी खाडीवरून जायची होती. उन्हाळा होता, मीठ काढणीचा. सगळे गाव काठावर उभे राहिले. बाने पुलाचे दगड वाहिले होते म्हणून मुकादमाने त्याला पुढे उभे राहू दिले, आणि आईच्या कडेवर ते मूल होते. गाडीचे भोंगे वाजले तसे ते खदखदून हसले. बाकीची पोरे रडली, हे हसले. थोड्याच दिवसांत त्याला ताप भरला आणि ते गेले. बायका म्हणाल्या, गाडीची नजर लागली, एवढे हसायला नको होते.

“त्याला कचेरीत नेऊ नका,” आई चुलीकडे तोंड करून म्हणाली. “कुटं पन न्या. कचेरीत नको.”

“नाय नेत,” बा म्हणाला.

पुढचे काही दिवस कचेरी नाताळसाठी बंद होती. मी पुस्तक उघडून बसे, पण वाचन होत नसे. याच दिवसांत मुंबईत मोठी सभा भरली होती. प्रांतोप्रांतीचे वकील, डॉक्टर, शिकलेले लोक प्रथमच एका ठिकाणी जमले होते, आणि माझ्या खोलीतले सगळे विद्यार्थी त्यांना नुसते पाहायला मिळावे म्हणून थांबले होते. त्यांनी मलाही थांबायला सांगितले होते. मी अधूनमधून त्यांचा विचार करी. बा पहाटे उठून नाक्यावर जाई. जाताना दाराशी थोडा थांबे, एक पाय पुढे टाकून, दुसरा उचलायच्या आधी.

कचेरी उघडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आईला सांगितले, अर्ज दुरुस्त करून येतो. तिने काही विचारले नाही. नाव पुलाजवळून गेली तेव्हा मी दगडांच्या खांबांकडे पाहिले. बाने पाहिले नाही. तो रोजच पाहत असेल.

या वेळी आम्हांला वरच्या अंमलदारांपुढे उभे केले. ते गोरे साहेब नव्हते, आपल्या देशातलेच गृहस्थ होते, पुण्याकडचे. उपरणे खांद्यावर, डोळे लाल झालेले. त्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग होते, आणि त्यांनी आमचा कागद त्यातून शोधून काढला तेव्हाच ते दमलेले दिसले.

मी हात जोडून म्हणालो, “साहेब, एक चूक झाली आहे. माझे वडील ज्या बंडाबद्दल म्हणाले ते सत्तावनचे नव्हे. त्याआधीचे, इथल्या डोंगरातले.”

“कोळ्यांचे?”

“हो साहेब.”

ते खुर्चीत मागे रेलले. “मुला, तू कॉलेजात आहेस ना? मग तुला कळायला हवे. सरकारी भाषेत बंड एकच. तो दुसरा प्रकार म्हणजे दरोडे. कागदपत्रांत दरोडे असेच आहे.”

“साहेब,” बा म्हणाला, “आमी बंडच म्हनतो. ठान्यातच फाशी दिला त्याला. तुमच्या ह्या दाराशी हुबा राह्यला तर ती जागा दिसंल.”

“मला ठाऊक आहे ती जागा.” अंमलदार म्हणाले, “माझे वडील तेव्हा इथेच होते, नोकरीला. तेही बंडच म्हणत. पण मी ‘दरोड्याच्या साली लग्न झाले’ असे लिहिले तर वरून हसतील. शिवाय नेमके कुठले साल? ते चालले बरीच वर्षे.”

मी घाबरत म्हणालो, “साहेब, गाडीवरून हिशेब करता येईल. गाडी कल्याणला गेली तेव्हा माझे वडील पुलाच्या कामावर होते. जाणते होते. पंचवीस वर्षांचे असतील.”

“त्याला पुरावा?”

भावाची गोष्ट माझ्या तोंडावर आली होती. मी बाच्याकडे पाहिले आणि गप्प बसलो. आईची पाठ माझ्या डोळ्यांपुढे होती. साहेबांनी कागद बाजूला सारायला हात उचलला.

बा पुढे सरकला. पागोटे त्याने आधीच काढून हातात घेतले होते. “साहेब, गारीच्या साली माझा पोर मेला. कडंवरचा पोर. तुमच्या हिसाबानं मी तवा तेरा वर्साचा. तेरा वर्साच्या पोराला पोर व्हतो का, तुमीच सांगा.”

कारकून खोकला आणि लेखणी शाईत बुडवून तशीच धरून राहिला. अंमलदार बाच्याकडे वळले.

“कितवे मूल?” त्यांनी विचारले.

“पयलंच.”

“हं.” त्यांनी डोळे चोळले. मला वाटते, त्यांना बाचे खरे वाटले होते. ते खोटे वाटत असते तर त्यांनी चटकन नाही म्हटले असते. “तुझ्या मुलाच्या हिशेबाने छप्पन होतात. पण चव्वेचाळीस एकदा लिहून वर गेलेले आहे. ते मी खोटे कसे ठरवू? आणि तुम्हांलाही खोटे म्हणवत नाही.” ते कारकुनाकडे वळले. “मधले धरा. पन्नास लिहा.”

“पन्नास?” मी म्हणालो.

“दोन्ही बंडांच्या मधे,” ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरेच तो न्याय वाटला असावा, आणि त्याच्यापलीकडे विचार करायला त्यांच्यात त्राण नव्हते. “यापेक्षा माझ्या हातात काही नाही.”

“पन्नास तर पन्नास, साहेब,” बा म्हणाला आणि त्याने वाकून मुजरा केला. कारकुनाने आकडा लिहिला.

बाहेर येऊन आम्ही वडाखाली बसलो. बाने वहाणा काढल्या. त्या पन्नासात त्याच्या आयुष्यातले काय होते? काहीच नाही. ते त्याचे वयही नव्हते, त्याच्या हाडांचेही नव्हते, माझ्या सनावळीतलेही नव्हते. कोणीही ज्याच्यात राहिलेले नाही असे ते वय होते, आणि त्यात त्याला आता राहायचे होते.

“पन्नास म्हंजे अजून किती राह्यले रे?”

“पाच.”

“तवर तुझं शिक्षान व्हईल?”

“होईल.”

“मग झालं.” तो वहाणांकडे पाहत म्हणाला. मग जरा वेळाने, “सा वर्सं तर वाचली. चवेचालीसचा व्हतो ना मी परवा.”

हे तो विनोदाने म्हणाला, की मला बरे वाटावे म्हणून, मला कळले नाही. मी हसलो. तोही हसला, आणि मग उठायला त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. याआधी त्याने कधी तसा आधार घेतला नव्हता.

सुटी संपवून मी मुंबईला गेलो तेव्हा खोलीतले मित्र सभेबद्दलच बोलत होते. कोण कसा दिसतो, कोणाचे इंग्रजी कसे वाहते, कोण कुठल्या प्रांताचा. एकाने मला म्हटले, “अरे, असा दिवस पुन्हा येणार नाही. पुढे पुस्तकात हा सन येईल, बघ. तू कुठे होतास म्हणून तुझी मुले विचारतील.” मी म्हणालो, घरी काम होते. तो मित्र म्हणाला होता तसे पुढे होईलही. मला त्यात शंका नाही. आमच्या घरात त्या सालाला पन्नासचे साल म्हणतात. आईच तसे म्हणू लागली, आणि आता बहिणीही आपल्या मुलांची वये त्यावरून सांगतात.

पण ते नंतरचे. त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. आई अंगणात मासळी वाळत घातलेली उलटत होती. बा आत गेला नाही. तिच्याजवळच चटईच्या कडेला बसला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्या. तिला समजले असावे. तिने वळून पुन्हा मासळीला हात घातला.

“नेलंत त्याला,” ती म्हणाली.

“मीच नेला,” बा म्हणाला. “पोऱ्या काय नाय बोलला.”

ती बराच वेळ एकेक बोंबील उलटत राहिली. वारा खाडीकडून येत होता. मला वाटले ती आता रडेल किंवा रागावेल, आणि दोन्हींची मला भीती वाटत होती. पण ती तशीच पाठमोरी म्हणाली, “मग? धरला का त्याला?”

बाने माझ्याकडे पाहिले नाही.

“धरला,” तो म्हणाला. “पुरा धरला.”

तिने मान हलवली. मग हात पुसून ती आत गेली, आणि थिजलेल्या तेलाची वाटी चुलीवर ठेवली. बाने या वेळी पाय पुढे केले.